थर्मामीटरवाली अंजनाबाई

इंदोरा वस्तीतल्या अंजनाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण थर्मामीटर ती असा वाचायची की डॉक्टरांनी मान डोलवावी. नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलात ती आया होती. १९७२ पासून सकाळच्या ड्यूटीआधी आजारी मुलींचा ताप बघायचं काम मेट्रननं तिच्यावर सोपवलं होतं. पारा शंभरावर गेला तरच सुट्टी; नाहीतर मुकाट वॉर्डात. गरम चहाचा घोट तोंडात धरून आलेलीला ती दारातच ओळखायची. याचा तिला केवढा गर्व! असणारच. आयुष्यात दुसरं कोणतं यंत्र तिच्या हाती कोणी दिलं होतं?

भिवापूरकडची प्रेमिला पहिल्या वर्षाला होती, कामाला वाघ. मुलांच्या वॉर्डात एक तान्हं पोर तिच्या मांडीवरच गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी अंजनाबाईपुढे येऊन उभी राहू लागली.

"मावशी, मले बरं नाही वाटून राहिलं."

"काय दुखते?"

"दुखत काहीच नाही. झोप नाही, घास उतरत नाही. वॉर्डात पाय टाकवत नाही."

पारा अठ्ठ्याण्णववर.

"नाटकं करून राहिली काय वं? पहिल्या वर्षी साऱ्याच रडतात. जा, टोपी घाल."

असं चार दिवस चाललं. चारही दिवस अंजनाबाईनं ताप अगदी चोख बघितला. पोरीच्या चेहऱ्याकडे मात्र बघितलं नाही. मन आजारी पडलं म्हणून सुट्टी द्यायची सोय तेव्हा कोणत्याच कागदावर नव्हती.

पाचव्या दिवशी प्रेमिला आली नाही. पोर वळणावर आली म्हणून अंजनाबाई खूश झाली. दहा वाजता वॉर्डातून विचारणा आली, तेव्हा खोलीचं दार तोडावं लागलं. प्रेमिलानं जीव दिला होता.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील रामाजी आले. मेट्रननं त्यांना सांगितलं, "तिनं कधी कोणाला काही सांगितलंच नाही हो."

रामाजी अंजनाबाईकडे वळले. "खरंच कोनालेच नाही सांगतलं काय, बाई? घरी तर लई बोलकी होती."

मेट्रन डोळे वटारत होती. अंजनाबाईची नोकरी कच्ची होती, घरी तीन पोरं होती.

"सांगतलं होतं, भाऊ. चार दिवस मलेच सांगतलं. मीच तिले परत धाडलं."

रामाजी पोरीची पेटी उचलून निघून गेले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंजनाबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, आणि म्हणता म्हणता रडायची.