प्रत्येक खुर्चीत बसणारी

माझ्या धाकट्या जावेकडे जेवायला जायचं ठरलं की दोन दिवस आधीपासून माझ्या पोटात दुखायला लागतं. गोळी घेऊन थांबणारं दुखणं नाही ते. मत्सर म्हणतात त्याला. मी शाळेत भूगोल शिकवते, नदीला ओढा म्हणायची मला सवय नाही.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या कानामागे काड्या बसवायच्या, नाकावरची फ्रेम केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायची आणि विचारायचं, "आता टोचतंय का?" घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जेवायचं टेबल म्हणजे भंगारातून आणलेलं एक जुनं दार, दोन लाकडी घोड्यांवर टाकलेलं. कडीची भोकं अजून दिसतात. माझ्याकडे सागवानी टेबल आहे, सहा खुर्च्यांचं, दर वर्षी पॉलिश केलेलं. पण कौतुक कुणाचं? दाराचं.

अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या आल्या तिनं ठरवून टाकलं, दर ऋतूला एकदा सगळ्यांनी तिच्याकडे जेवायचं. सगळे म्हणजे आमचे सासरे, आम्ही नवराबायको, आमची मुलगी आणि ती दोघं. ऋतू वर्गात मी शिकवते, नकाशे लावून, बाण काढून. मुलं जांभया देतात. ही बया तेच ऋतू टेबलावर मांडते आणि लोक दारातच "अहाहा" करतात.

उन्हाळ्यात पांढरी चादर अंथरायची, ताटल्या तासभर फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि ओले रुमाल गुंडाळून, गार करून प्रत्येकाच्या हाताशी द्यायचे. पसरट बाऊलमध्ये पाणी, त्यावर लिंबाची चार पानं, बस. पावसाळ्यात बाहेर आभाळ काळं म्हणून आत हळदीसारखं पिवळं कापड, आणि कान तुटलेल्या कपांमध्ये रस्त्याकडेचं गवत. तेही फुलदाणीच्या थाटात! थंडीत ती विटा गरम करून फडक्यात गुंडाळते आणि त्यांवर पावाची टोपली ठेवते, म्हणजे शेवटचा तुकडासुद्धा ऊनऊन. आणि ग्लासांना लोकरीचे अंगरखे.

त्या अंगरख्यांचं सांगायलाच हवं. मागच्या थंडीत माझ्या ग्लासाला जो अंगरखा होता तो मला कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. नीट बघितलं तर माझ्याच जुन्या स्वेटरची बाही! कसर लागली म्हणून मीच तो तिला पुसायला दिला होता. सासरे ग्लास फिरवून फिरवून म्हणत होते, "काय डोकं आहे पोरीचं!" स्वेटर माझा, कौतुक तिचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी सूप संपवलं आणि म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय." झालं नव्हतं.

खरं सांगते, स्वयंपाकात ती माझ्या पासंगालाही पुरणार नाही. तिचे बटाटे एका बाजूला करपलेले आणि दुसऱ्या बाजूला कच्चे असतात. तरी माझ्याकडे लोक जेवतात, ढेकर देतात आणि उठतात. तिच्याकडे जेवण संपल्यावरही दोन तास कुणी हलत नाही.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण या पानगळीत मुलीनं बॉम्ब टाकला. तिचं एका मुलाशी जमलंय, लिफ्टच्या कंपनीत आहे, चांगला आहे. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आम्हाला भेटायला येणार होते. मी मनातल्या मनात पदार्थसुद्धा ठरवले होते. तर ही म्हणते, "आई, त्यांना काकूकडे बोलावूया?"

"का? आपलं घर पडलंय?"

"तसं नाही गं. तुझ्या हाताला चव आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण काकूकडे माणसं बोलतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि त्याची पहिली बैठक दुसऱ्या बाईच्या टेबलावर? आई म्हणून मी तिथं पाहुणी? नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, तुझेच कष्ट वाचतील." मी म्हणाले, "त्यापेक्षा मला हॉटेलात नेऊन बसवा, कष्ट तिथंही वाचतील." दोन आठवडे धुसफुस चालली. शेवटी मी जाहीर केलं की बैठक इथेच होईल, माझ्या घरी, पुढच्या रविवारी. मुलगी उठली. ताटली उचलून आत गेली.

पण मनात किडा वळवळत होता. तिच्याकडे माणसं बोलतात, ती कशानं? पानं, गवत, फडकी तर मीही गोळा करू शकते. बैठकीच्या आधीच्या रविवारी दुपारी तिचं पानगळीचं जेवण होतं. मी ठरवलं की तासभर आधी जायचं आणि बाईसाहेब काय करतात ते डोळ्यांनी बघायचं. केकचा डबा परत करायचाय, हे निमित्त होतंच. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बाबांना घेऊन मागाहून या.

ओव्हन चालू होता म्हणून त्यांचं दार हवेसाठी उघडं होतं. जिन्याच्या शेवटच्या वळणावरून आतलं सगळं दिसत होतं. टेबलावर तपकिरी कापड, त्यावर वाळक्या शेंगा आणि इस्त्रीनं सपाट केलेली मोठाली पानं, पानांवर पांढऱ्या शाईनं लिहिलेलं, बाबा, दादा, वहिनी. दीर आत काहीतरी चिरत होता. आणि धाकटी एका खुर्चीत पोक काढून बसली होती. एकटीच. समोर रिकामी ताटली.

मला वाटलं हिला बरं नाही. तेवढ्यात तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा हात ग्लासकडे लांबवला. तो पुरला नाही. तिनं ग्लास चार बोटं जवळ घेतला आणि पुन्हा हात लांबवला. तेव्हा मला कळलं. ती सासरे झाली होती. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलाय.

मग ती उठून मुलीच्या खुर्चीत बसली, एक पाय वर घेऊन, अगदी माझ्या मुलीसारखी. समोरच्या शेंगांमुळे पलीकडचं माणूस दिसेना, तर त्या आडव्या केल्या. मग माझ्या नवऱ्याची खुर्ची. तिथं रेलून बसली आणि रेलल्यावर डोकं खुंटीला लागतं का ते पाहिलं.

मग ती माझ्या खुर्चीत बसली.

बसल्याबरोबर तिची पाठ ताठ झाली. ओठ मिटले. तिनं ग्लास उचलून उजेडात धरला आणि डाग आहे का ते बघितलं. ताटलीच्या कडेखालून बोट फिरवलं. चमचा उलटा करून पाहिला. मी जिन्यात डबा छातीशी धरून उभी होते आणि माझं सोंग माझ्याच डोळ्यांनी बघत होते. तिनं एकही गोष्ट वाढवून केली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आतून दीर म्हणाला, "अगं, किती वेळ? सगळ्यांना दोन मिनिटं आणि वहिनीच्या खुर्चीला पाव तास?"

"अहो, इथून त्यांना ओटा दिसतोय. ओटा दिसला की त्यांचं बसण्यात लक्ष लागत नाही. ते दार लोटून घ्या ना."

"एवढी कशाला घाबरतेस तिला?"

"घाबरत नाही हो. बाकीचे सगळे छान म्हणतातच, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं तरी म्हणतील. त्यांना खरं कळतं. अकरा वर्षं झाली, एकदा तरी त्यांनी म्हणावं एवढंच."

मी आल्या पावली खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर तासभर उभी राहिले. नवरा, सासरे, मुलगी आली तशी त्यांच्याबरोबर वर गेले. माझ्या खुर्चीत बसले. ओट्याकडचं दार लोटलेलं होतं. शब्द ओठांवर आला होता, अगदी साधा. धाकटी वाढताना एकदा माझ्याकडे बघून गेली, तेव्हा तर जिभेच्या टोकावर होता. मी म्हणाले, "बटाटे जरा कच्चे राहिलेत." या वेळी ते खरंच कच्चे होते, हे माझं नशीब.

तुम्हाला वाटेल माझं मन पाघळलं असेल. नाही पाघळलं. उलट पहिल्यापेक्षा जास्त जळलं. वाळकी पानं मी तिच्यासारखी आणू शकले असते. पण सासऱ्यांचा हात कुठवर पोचतो हे तिला माहीत होतं, आणि ते राहतात माझ्या घरात.

घरी आलो. नवरा आणि सासरे आडवे झाले, मुलगी तिच्या खोलीत गेली. मी मधलं दार लावून घेतलं आणि माझ्या सागवानी टेबलाच्या एकेका खुर्चीत बसायला लागले. चोरासारखं वाटत होतं. सासऱ्यांच्या खुर्चीत बसले तर खिडकीतलं ऊन थेट डोळ्यांत. इतकी वर्षं ते खाली मान घालून जेवतात आणि मी नवऱ्याला सांगते, तुमच्या वडिलांना माझ्या हातचं आवडत नाही. नवऱ्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड निघाला. तो कधी बोलला नाही, मीही कधी विचारलं नाही.

मग मुलीच्या खुर्चीत बसले. अगदी लहान होती तेव्हापासूनची तिची जागा. बराच वेळ बसून राहिले.

ती पाणी प्यायला बाहेर आली. "आई? माझ्या खुर्चीत काय करतेस?"

"बघतेय."

"काय दिसतंय?"

"ओटा."

"हो," ती हसून म्हणाली, "ओटा, आणि तुझी पाठ. मला तुझ्या सगळ्या ब्लाउजांच्या मागच्या शिवणी पाठ आहेत."

चिडून बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. ती गमतीनं बोलली. तिच्या दृष्टीनं ती काही मोठी गोष्ट नव्हतीच, आमच्या घरात जेवताना असंच असतं. मी गरम गरम वाढत राहिले आणि माझ्याशी कुणी बोलायचं तरी कसं, समोर मी नव्हतेच. सात दिवसांनी तिची होणारी सासू याच टेबलाशी बसणार होती, आणि मी तिलाही पाठच दाखवली असती. मला दुसरं येतं काय? एका आठवड्यात ते शिकता येईल असं मला वाटेना.

"रविवारी त्यांना काकूकडे बोलाव," मी म्हणाले. "स्वयंपाक मी करून नेईन. बटाटे तिला करू देऊ नकोस."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, गालाची पापी घेतली आणि काकूला फोन करायला आत पळाली. मी बसूनच होते. "नक्की ना आई?" एवढं तरी ती एकदा विचारेल असं मला वाटलं होतं.