लाल दोऱ्यापाशी थांबायचं

"व्यायाम रोज करा, पण थकू नका," असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि या एका वाक्यावरून आमच्या घरात उन्हाळाभर भांडण चाललं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि नागपुरात तांडापेठेजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. आधी डाव्या पायाला मुंग्या आल्या. मग फळ्यावरची माझीच अक्षरं मला दोन-दोन दिसू लागली. मग एक दिवस पायातली चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही, वर्गातल्या मुलींनी ती मागून आणून दिली. ताकदीची इंजेक्शनं झाली, गंडा झाला, उमरेडच्या आत्याचा काढा झाला. शेवटी मोठ्या दवाखान्यात रोगाचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस. विजेच्या तारेवरचं रबर झडावं तसं नसांवरचं वेष्टण झडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. औषध विचारलं तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. चालत्या राहा, म्हणाले, आणि मग ते वाक्य.

परत येताना सायकल रिक्षात बाबांनी एकाएकी रिक्षावाल्यालाच विचारलं, "थकल्याबिगर कसरत होते का गा?"

"डाक्टर लोकायचं काही समजत नाही, बाबाजी," घाम पुसत तो म्हणाला. बाबांना तेवढा कौल पुरला.

बाबा विणकर. चाळीस वर्षं त्यांनी हातमागावर लुगडी विणली. पॉवरलूम आले, सूत मिळेनासं झालं, आणि दोन वर्षांपासून आमच्या मधल्या खोलीतला माग उभाच होता. खाली पाय सोडून बसायचा तो खड्डा, वर लाकडाचा सांगाडा, त्यावर आईने टाकलेली चादर. बाबांच्या हाताला काम नव्हतं, आणि आता माझे पाय त्यांच्या हाती लागले. विणकरानं दुसरं काय करावं? त्यानं पायांकडेही सुतासारखंच पाहिलं.

विणायच्या आधी उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ देतात. गल्लीभर ताणा पसरायचा, पेजेची खळ लावायची, कुंचा फिरवायचा आणि उन्हात वाळू द्यायचा. नुसतं मऊ, लोळणारं सूत उन्हानं ताठ होतं आणि मग मागावर तुटत नाही. "तुहे पाय ढिले पडले," बाबांनी निदान केलं. "त्याइले ऊन पाहिजे."

झालं! रोज दुपारी जेवणाआधी ओव्याचं गरम तेल, विटेचा शेक, आणि मग गल्लीत चालणं. पूर्वी जिथे ताणे पसरत, त्याच गल्लीत, टोकाच्या कडुनिंबापर्यंत आणि परत. कुंचा घेऊन ताण्यामागे चालायचे तसे बाबा माझ्या मागे चालत. नागपूरचा वैशाख, डांबर चपलेला चिकटत होतं. परतल्यावर मला तासभर बोलता यायचं नाही. जीभ जड व्हायची. पण मी सांगितलं की त्यांना वाटे, पोरगी अंगचोर आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, कोण जाणे, असेनही.

सहाव्या दिवशी निंबाच्या अलीकडे डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि कमरेखाली मला काही उरलंच नाही. मी पडले. बाबा वर उभे राहून म्हणाले, "उठ वं, अर्धं तं झालं."

मी ओरडले. साऱ्या गल्लीनं ऐकलं. "मी काय ताणा आहो का? मले उन्हात वाळू घालून राह्यले तुमी!"

त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. शेजारच्या बायकांनी मला उचलून आत नेलं. बाबा तिथेच उन्हात उभे राहिले, आईनं दोनदा हाक मारली तरी.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, कुठे चालता, किती वाजता? मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. या दुखण्यात अंग तापलं की नसा आणखी मंद होतात, त्या म्हणाल्या. पहाटेच्या गारव्यात चालायचं, डोक्याला ओलं फडकं बांधायचं, आधाराला काहीतरी धरायचं. चार पावलं कमी पडली तरी चालतील, पण थकण्याच्या आधी थांबायचं.

"आधी?" बाबांनी विचारलं.

"आधी, बाबा. थकल्यावर थांबून काही उपयोग नाही."

घरी येऊन बाबांनी मागावरची चादर काढली आणि खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले. आई जेवायला बोलावायला गेली तेव्हा तिला म्हणाले, "थकल्या हाताचं कापड दिसते ना वं."

हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विणकराचा हात थकला की ठोका हलका पडतो, आणि लुगडं उजेडात धरलं की तेवढा पट्टा विरळ दिसतो. तो मागाहून दुरुस्त होत नाही. म्हणून चांगला विणकर हात भरून यायच्या आधीच धोटा खाली ठेवतो, पाणी पितो, बिडी ओढतो, मग पुन्हा बसतो. "मले ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "चाळीस वर्सं ठाऊक होतं." माझी माफी त्यांनी मागितली नाही. आमच्या गल्लीतले बाप माफी मागत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माग खोलायला घेतला. आई रडली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिचं रडणं ऐकत त्यांनी खिळे काढले, खड्डा मातीनं भरला, चोपला, सारवला, आणि मागाची लांब लाकडं त्याच खोलीत माझ्या खाटेपासून अंगणाच्या दारापर्यंत भिंतीला ठोकली. लाकडं हातांनी आधीच गुळगुळीत झालेली होती. स्वतः लोंबकळून त्यांनी पाहिलं, पेलतात का. अकरा पावलं होती. बरोबर मध्यावर त्यांनी एक लाल दोरा बांधला.

"इथं थांबायचं. थकली तरी, नाही थकली तरी. वीस मोजायचे, मंग पुढं."

पहाटे आई माझ्या डोक्याला ओलं फडकं बांधायची. बाबा दारात उभे. मी लाकूड धरून निघायची, दोऱ्यापाशी थांबायची, ते तिथून मोजायचे. कधी बरं वाटलं आणि मी न थांबता पुढे गेले की परत खाटेपर्यंत पाठवायचे. मला चीड यायची. पण पडणं थांबलं. शाळा उघडल्यावर मी खुर्चीत बसून का होईना, पुन्हा शिकवू लागले, आणि पुढची तीन वर्षं शिकवलं.

आपण पडलो तरी बाबा धरायला पुढे येणार नाहीत, हे मला कळायचं आणि लागायचंही. एकदा आईही त्यांना टाकून बोलली, हात द्यायला काय झालं? तेव्हा ते म्हणाले, "मी गेल्यावर तिले कोन उचलन? दुसऱ्यानं उचलाची सवयच नको तिले."

मला ऐकू आलं होतं. मी झोपल्याचं सोंग केलं.

चौथ्या उन्हाळ्यात ते गेले. छाती आधीपासून खराब होती. सूत आणि बिडी, दोन्ही त्यांच्या छातीत गेलेले. सकाळी नऊला गेले, आणि अकरापर्यंत अंगणात तिरडी बांधून झाली. रडून रडून माझं अंग तापलं होतं, बायकांनी मला खाटेवर निजवलं होतं. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा शेजारची मावशी म्हणाली, "चाल, बाबाचं तोंड पाहून घे, आमी उचलून नेतो तुले."

मी नाही म्हटलं. त्यांच्याकडे मी माझ्या पायांनी जाणार होते. मी लाकूड धरलं आणि निघाले. बाहेर पुरुष घाई करत होते, "ऊन चढून राह्यलं, चला." लाल दोऱ्यापाशी आले आणि पाय आपोआप थांबले. दोरा तोवर पांढुरका झाला होता.

"काहून थांबली वं? ते चालले ना!" मावशी ओरडली.

मी मोजत होते. बारा, तेरा. दारातून मला तिरडीचा एक बांबू वर उचललेला दिसला, मग रिकामं ऊन. मी वीसपर्यंत मोजलं आणि उरलेली पावलं टाकली. दारात पोचले तेव्हा अंगणात गुलाल सांडलेला होता आणि लोक निंबाच्या पलीकडे वळत होते.

मी पडले नाही, बाबांना हेच हवं होतं, असं सगळे म्हणाले. तसं असेलही. पण इतकी वर्षं झाली, लाकडं अजून भिंतीला आहेत आणि मी आता चाकाच्या खुर्चीतून त्यांच्याकडे बघते, तेव्हा मला एकच वाटतं. त्या दिवशी मी थांबायला नको होतं. त्या दिवशी मी पडायला हवं होतं.