लाइव्ह अल्बममधली माझी शिटी

गुडघे गेलेत असं नातेवाइकांना सांगून बसलेल्या बाईने स्टेडियममध्ये खुर्चीवर चढू नये. चढायचंच असेल तर आधी कॅमेरा कुठे आहे ते बघावं. मी दोन्ही पाळलं नाही. आता तो मूर्खपणा सिनेमात गेला आहे आणि सिनेमा घरोघरी. माझी नात ईशा म्हणते, "आजी, जेमतेम दोन सेकंद आहेस तू." तिला काय सांगू, आमच्या बुऱ्हाणपूरच्या माणसांना दोन सेकंद भरपूर होतात.

झालं असं की शकूचा फोन आला होता. शकू माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, आणि त्याच्याही आधी बुऱ्हाणपूरच्या राजपुरा वस्तीतली माझी शेजारीण आणि शाळेतली मैत्रीण. दादा जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्या नातवाचं जावळ इच्छापूरच्या देवीला काढायचं ठरत होतं. आमच्या घरात बाळाचे पहिले केस आत्याच्या पदरात पडतात. या बाळाला आत्या नाही, म्हणून त्याच्या बापाची आत्या, म्हणजे मी. मी फोनवर कण्हून दाखवलं. "गुडघे अगदीच गेलेत गं. देवीच्या पायऱ्या कुठल्या चढवतायत मला." पूर्वीची शकू असती तर तिने तिथेच माझी खोड मोडली असती. ही म्हणाली, "बरं. आराम कर." माझं खोटं कुणी इतक्या सभ्यपणे गिळलेलं मला अजिबात आवडलं नाही. पुढे जावळ झालं की नाही ते तिने कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खोटं का बोलले ते सांगते, पण त्यासाठी स्टेशनवर जावं लागेल. मी बुऱ्हाणपूर सोडलं ती सकाळ लक्षात आहे ती माझ्याच शिष्टपणामुळे. नवी नवरी, पुण्याचा नवरा आणि डोळ्यांत थेंब नाही. रडलं तर काजळ पसरेल आणि हा माणूस आपल्याला गावंढळ समजेल, एवढाच विचार त्या शहाणीच्या डोक्यात. आई खिडकीशी उभी राहून पदराने नाक पुसत सांगत होती, "आधी दहीभात खा, नासेल." मी अशी मान हलवली, जशी काही दहीभाताच्या फार पुढे निघून गेले होते. गाडी हलली. फलाटावर दादा आणि शकू उभे होते. दादाने दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली, दोन आखूड आणि एक लांब. मला तसंच उत्तर द्यायचं होतं. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "कोण मवाली आहे हा?" मी म्हणाले, "असतात स्टेशनवर."

त्या पोरीला आज माझ्यासमोर उभं केलं तर तिची वेणी ओढीन.

ती शिटी साधीसुधी नव्हती. राजपुऱ्यात आमच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूम चालायचे. खटाक-खट, खटाक-खट. त्यातच आम्ही जेवायचो, भांडायचो, परीक्षेचा अभ्यास करायचो. हाक मारून उपयोग नसायचा. आणि लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे. ती शांतता कानात टोचायची. तेवढ्यात मी गच्चीवर पळायचे आणि शिटी मारायचे, दोन आखूड, एक लांब. याचा अर्थ, दादा वर येतोय. पलीकडच्या गच्चीवर शकू वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला यायची. त्या घरात इतक्या मिरच्या कोण खातं, हा प्रश्न कुणालाच कसा पडला नाही कोण जाणे. बाबांना एवढंच दिसायचं की मुलगी शिट्या मारते. "विमल, बोटं तोडीन," ते म्हणायचे. बोटं शाबूत राहिली आणि शकू माझी वहिनी झाली.

पुण्यात येऊन मी सुधारले. "काय करून राहिली" म्हणणारी मी "काय करतेयस" म्हणायला लागले आणि वर माहेरच्यांच्या बोलण्याला हसायला लागले. आता दूध ॲपवर, भाजी ॲपवर, पाहुण्याला गेटमधून आत सोडायचं तेही ॲपवर. सोसायटीत इतकी शांतता की शेजारच्या फ्लॅटमधल्या मिक्सरचीही तक्रार होते. या शांततेसाठी आम्ही दर महिन्याला मेंटेनन्स भरतो.

आणि माहेर? मागच्या खेपेला गेले तर शकूने पलंगावर कोरी चादर घातली आणि उशाशी सीलबंद पाण्याची बाटली ठेवली. "तुला इथलं पाणी सोसणार नाही." अगं, त्याच पाण्यावर वाढले ना मी. दुसऱ्या दिवशी मांडे होते. पुरणाचा मांडा हातावर फिरवत फिरवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा, हे मला आईने शिकवलं आणि शकूला मी. मी पदर खोचून खापरासमोर बसले, तर तिने हात धरून मला उठवलं. "तू बस तिकडे पंख्याखाली. हात भाजेल." आणि पहिल्या पंगतीला पाहुण्यांच्या रांगेत मला वाढलं. आग्रह करकरून. परतताना गाडीत मी ठरवलं की या घरात पाहुणी म्हणून पुन्हा पाऊल टाकायचं नाही. जावळाला गेले असते तर तेच झालं असतं. खुर्ची, शाल, बाटली. म्हणून ते गुडघे.

तुम्ही जे तिथेच राहिलात, ते आम्हाला बाटली देताना जरा विचार करा. आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांनी मला शिकवू नये. तुमचे बहाणेही मला पाठ आहेत. कुणाला रजा नसते, कुणाला रिझर्व्हेशन मिळत नाही.

तर स्टेडियम. शकूच्या त्या फोननंतर काही दिवसांनी ईशाच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम होता. तिची मैत्रीण आयत्या वेळी तापाने आडवी झाली आणि तिच्या पासवर मी गेले. पुण्याबाहेरचं मैदान, मारुतीच्या शेपटीएवढी रांग. पर्स आत नेऊ देईनात, म्हणून पर्स गाडीत आणि पर्समध्ये चष्मा. पाण्याची बाटलीही काढून घेतली, तेवढं मात्र मला बरं वाटलं. दारावर मोठा बोर्ड होता. आज चित्रीकरण आहे आणि आत येणाऱ्याची त्याला संमती धरली जाईल, असं त्यावर लिहिलेलं होतं म्हणे. चष्म्याशिवाय मला तो शीतपेयाच्या जाहिरातीसारखा दिसला.

बँडमध्ये चार पोरं आणि ड्रमवर एक मुलगी. पहिली गाणी मी कानात कापूस घालून, चिडचिड करत काढली. शब्द कळत नव्हते, दिवे डोळ्यांत घुसत होते, पुढचा उंच मुलगा मोबाइल वर धरून उभा होता, म्हणजे समोर गाणारा माणूसही मला त्याच्या मोबाइलमध्येच दिसत होता. यापेक्षा घरी टीव्ही काय वाईट, असं मी ईशाला ओरडून सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही.

मग त्या मुलीने एकटीने ड्रम वाजवायला घेतले. पाय वेगळं बोलत होते, हात वेगळं. खटाक-खट, खटाक-खट. तो आवाज जमिनीतून निघून माझ्या पोटऱ्यांत चढला आणि मी कापूस काढून टाकला. ती राजपुऱ्यातली दुपार होती. हजारो माणसांत ती मला एकटीला ओळखू येत होती आणि कोपराने ढोसून सांगावं तर शेजारी दादा नव्हता. खुर्चीवर कधी चढले ते मला खरंच ठाऊक नाही. ईशाने माझी कंबर धरली होती. आणि एकदम सगळं थांबलं. ड्रम थांबले, दिवे विझले. आता गायक अगदी हळू आवाजात, एकटाच, शेवटची ओळ म्हणणार होता आणि अख्खं स्टेडियम त्यासाठी श्वास रोखून उभं होतं. मला हे कोण सांगणार? माझ्या लेखी लाइट गेली होती. बोटं आपोआप तोंडात गेली. दोन आखूड, एक लांब.

काही महिन्यांनी त्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम आला. ईशा हेडफोन लावून ऐकत बसली होती, तिने कपाळावर हात मारला. "आजी, ती त्या गाण्यातली सगळ्यात शांत जागा आहे. लोक तेवढ्यासाठी येतात." त्या जागेवर मी होते, स्वच्छ, खणखणीत. बँडने शिटी काढून टाकली नव्हती. गाण्याखाली लोकांनी लिहिलं होतं, शिटी कुणाची, काय टायमिंग आहे, बँडनेच आपला माणूस बसवला असणार. मी गुपचूप फुशारले. आवाजाला चेहरा नसतो, या भरवशावर.

मग त्याच कार्यक्रमाची फिल्म आली. शिटीच्या बरोबर जागेवर चेहरा. खुर्चीवर ताठ गुडघ्यांनी उभी असलेली म्हातारी, पदर खोचलेला, तोंडात बोटं.

"एवढं कापायला सांग त्यांना," मी ईशाला म्हटलं.

"काय सांगू? आमची आजी वहिनीशी खोटं बोलली आहे, तेवढी फिल्म दुरुस्त करा?"

त्यानंतर मी फोनला घाबरून राहिले. वाजला की ईशाला उचलायला लावायचे. चीड सगळ्यांची यायची. कॅमेऱ्याची, त्या बोर्डाची, पर्स आत न नेऊ देणाऱ्या पोराची. सगळ्यात जास्त या गोष्टीची की शकू ते बघेल, समजून घेईल आणि पुन्हा म्हणेल, "बरं. आराम कर." तसं झालं असतं तर मला माहेर उरलं नसतं.

काल दुपारी ईशा घरी नव्हती, फोन मीच उचलला. शकूने खुशाली विचारली नाही, मला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. बोलून झाल्यावर तिने फोन ठेवून दिला. ती बोलली ते असं:

"सुनेने टीव्हीवर लावलं होतं ते गाणं, मी आत वेफरसाठी केळी कापून राहिली होती. शिटी ऐकली अन् विळी सोडून सीधी गच्चीवर गेली मी, बावळटासारखी. वर कोणी नव्हतं. खाली येऊन पाहते तर तू, खुर्चीवर. गुडघे म्हणे. काबर गं, येडी समजून राहिली का मला? त्या पोराचे केस अजून उतरवले नाहीत मी, तुझ्यापायी. सून वेणी घालते त्याला, गल्ली पोरगी समजून राहिली. आता गुरुवारी निघ. चादर-बिदर काही मिळणार नाही, पाणी माठातलं प्यायचं. अन् साऱ्या गल्लीला मांडे आहेत, खापरासमोर तूच बसायचं, मी नाही बसणार. हात भाजला तर भाजू दे."