स्प्रिंट संपल्यावरची झाडलोट

"नवीन मॉड्यूल तुला कशाला? तू जुनं झाडूनपुसून ठेव. तुमच्यात ते रक्तातच असतं."

पुण्यातला आमचा टीम लीड भर व्हिडिओ मीटिंगमध्ये हे बोलला. दोघंतिघं फिदीफिदी हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी धाराशिवला आमच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. कानात शिसं ओततात म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

माझं काम बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचं. दर स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या दर पंधरवड्याला, जो तो आपल्या टेस्ट केस, म्हणजे काय काय तपासायचं त्याच्या नोंदी, लिहितो, त्या स्प्रिंटच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि मोकळा होतो. मागचा उकिरडा मी उपसायचा. कुठली तपासणी दर वेळी करायची, कुठली बाद, लॉगिनची कुठं, कर्जाची कुठं, सगळं मीच लावायचं. नवीन टेस्ट केस लिहायला मात्र मला कधीच मिळत नाही. या वेळी मी स्वतःहून नवीन मॉड्यूल, सॉफ्टवेअरचा नवा भाग, तपासायला मागितलं, तर हे उत्तर.

जात त्याला कशी कळली? जयंतीला माझ्या मागं भिंतीवर निळ्या पताका दिसल्या, तेव्हा त्यानं हसत हसत आडनाव विचारलं होतं. तेव्हापासून माझ्या कामाला 'झाडलोट' नाव पडलं. टीमच्या ऑनलाइन बोर्डावर प्रत्येकाच्या कामाचं कार्ड असतं, माझ्या कार्डावरही तेच. मी मूर्ख, चेष्टा समजत होते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप ऱ्हा बाई. आमी लई ऐकून घेतलं, काय अंगाला भोकं पडली न्हाईत."

मला आईचाही राग आला. तुम्ही ऐकून घेतलंत म्हणूनच यांची जीभ सैल सुटली, असं तिला तोंडावर बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये लीडनं तेच कार्ड पुन्हा माझ्या नावावर लावलं.

मी म्हणाले, "सर, हे काम मी करणार नाही. काल बोललात ते आधी सगळ्यांसमोर मागं घ्या."

"अगं, गंमत केली. नोकरी करायचीय ना तुला?"

"करायचीय. म्हणूनच लेखी तक्रार करतेय."

या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कोणी बोललं नाही.

तक्रार कंपनीकडे गेली आहे. मॉड्यूल मिळालेलं नाही. जुन्या टेस्ट केस तशाच पडल्यात. स्प्रिंट रखडतोय, रखडू दे. नोकरी गेली तर दुसरी शोधीन. पडेल ते काम करीन, पण जात बघून वाटलेल्या कामाला हात लावणार नाही. आणि त्या माणसानं माफी मागेपर्यंत त्याची एकही मीटिंग सुखानं पार पडू देणार नाही.