नवा प्रोसेसर बसत नाही

आमच्या धंद्यात 'बसत नाही' या दोन शब्दांवर बरंच भागतं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, श्रीगोंद्याच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे दुकान, मागे घर. विहिरीवरची जळालेली मोटार येते, तिची जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायची. एखादं काम अंगावर घ्यायचं नसलं की मिस्त्री म्हणतो, "बेअरिंग बसत न्हाई याला, बॉडी घासलीय." बेअरिंग बसत असतं. पण गिऱ्हाईक राग न धरता दुसऱ्या दुकानात जातं आणि दोघांचीही अब्रू राहते. हे मी उभ्या आयुष्यात किती वेळा केलं याची मला लाज नाही. घरात एकदाच केलं, त्याची आहे.

कॉम्प्युटर आमच्या मुलीचा. ती बारावीला असताना नगरच्या दुकानातून सुटे पार्ट जोडून घेतला होता. स्वस्तातला, पण गेम चालतील असा: बेताचा प्रोसेसर, बेताची रॅम आणि कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड. मुलगी पुण्याला होस्टेलवर गेली तेव्हा तिने लॅपटॉप घेतला आणि हा डबा मागे राहिला. मला वाटलं, धूळ खाईल. पण तो बायकोनं घेतला.

ती ट्रक चालवते. म्हणजे गेममध्ये. परदेशातले रस्ते, अठरा चाकी गाडी, एका शहरातून फरशा भरायच्या आणि दुसऱ्या शहरात नेऊन द्यायच्या. सुट्टीला आलेल्या मुलीने गंमत म्हणून तिला एकदा बसवलं, आणि पाठीमागे घेऊन गाडी माल उतरवायच्या धक्क्याला लावायला ती पहिल्याच दिवशी शिकली. आमच्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या मागे घेताना भले भले ड्रायव्हर घामाघूम होतात, ते ती वर्षानुवर्षं दारातून बघत आलेली. पुढे तिला एक ताफा मिळाला. जळगावचा एक, साताऱ्याचे दोन, कोल्हापूरकडची एक मुलगी, असे दहा-बारा जण दर रविवारी दुपारी एकामागोमाग ट्रक काढतात आणि हेडफोनवर बोलतात. सगळे तिला मावशी म्हणतात.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. मी फार बोलणारा माणूस नाही. आमच्या संसारात बोलायचं काम तिचं. संध्याकाळी दुकानात माझ्याशेजारी स्टुलावर बसून ती तारेची रिळं सोडवायची आणि गावभरचं सांगायची, मी हूं म्हणायचो. मला ते पुरत होतं. तिला पुरत नव्हतं हे मला हेडफोन आल्यावर कळलं. दुकानात मला तिचं हसणं ऐकू यायचं आणि कशावर हसली ते कळायचं नाही. स्कूटी शिकवतो म्हणून मी तिला किती वर्षं टोलवलं होतं. "तुला बॅलन्स जमायचा न्हाई," म्हणायचो. आणि ती इथे घाटातून ट्रक उतरवत होती.

मग गेमचा नवा नकाशा आला आणि डब्याला दम लागायला लागला. शहर आलं की चित्र गोठायचं. तिचा ट्रक बाकीच्यांच्या पडद्यावर उड्या मारायचा, एकदा मागून दोघांना जाऊन धडकला. ताफ्याचा म्होरक्या जळगावचा, सभ्य माणूस. तो म्हणाला, मावशी, मशीन नीट करून घ्या आणि मग या, तोवर तुमची जागा ठेवतो. पण नव्या लोकांची रांग आहे, फार दिवस ठेवता येणार नाही. ती हेडफोन काढून माझ्याकडे आली. "एवढं बगा की तुमी. मोटारी जित्या करता, ह्यो डबा व्हनार न्हाई का?"

मी बघितलं. विजेवर चालणारी वस्तू मला घाबरवत नाही. ग्राफिक्स कार्ड ही मोटार समजा आणि प्रोसेसर हा पाइप. मोटार पाच एचपीची टाकली आणि पाइप सव्वा इंची ठेवला, तर पाणी पाइपाएवढंच येणार. आमच्या डब्याचं दुखणं ते होतं. कार्ड अजून दमदार होतं, प्रोसेसर कमी पडत होता. प्रश्न बोर्डाचा, म्हणजे हे सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात त्या मदरबोर्डाचा. बोर्ड ही विहीर. तिला पाणी आहे तोवर कुणी दुसरी विहीर खणत नाही. मी नगरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, तुमचा बोर्ड बराच पुढचा प्रोसेसर घेतो. फक्त आधी बायोस अपडेट करायचं, म्हणजे बोर्डाला नव्या पाहुण्याची ओळख करून द्यायची. पेन ड्राइव्हवरून होतं. तेवढ्या वेळात लाईट मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर बोर्ड मेला म्हणून समजा.

फोन ठेवला. आतून तिने विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, "नवा प्रोसेसर बसत न्हाई. सगळंच बदलावं लागंल, बोर्डापासून. बघू दिवाळीनंतर."

विचार करून बोललो नाही. पण नंतर विचार केला तेव्हाही दुरुस्त केलं नाही. मशीन थकलं की खेळ आपोआप सुटेल आणि ती पुन्हा स्टुलावर येऊन बसेल, असा माझा हिशोब होता. ती आली नाही. रविवारी दुपारी ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायची. एकदा म्हणाली, जागा गेली आसंल आता. कुरकुर केली असती तर मी वाद घातला असता. तिने केली नाही.

भाचीच्या बारशाला ती तिसगावला माहेरी गेली, तेव्हा मी ठरवलं की गुपचूप करून टाकू. तार आणायला नगरला गेलो तसा प्रोसेसरही आणला. आली की सांगायचं, काहीतरी जुगाड जमला. म्हणजे खोटं उकरायलाही नको आणि काम तर झालं.

आमच्या वस्तीवर घरं आणि मळे एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. दुपारी लाईट आली. आलेली लाईट आमच्याकडे लगेच जात नाही, एवढा अनुभव होता. नवा प्रोसेसर खोक्यातच ठेवला, पेन ड्राइव्ह लावला आणि अपडेट सुरू केलं. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत आली आणि डोक्यावरचा पंखा मंदावला. ट्यूब मिणमिणली. कॉम्प्युटर टक् करून बंद झाला, पुन्हा चालू झाला, आतला पंखा फिरत राहिला आणि पडदा काळा तो काळाच.

लाईट गेली नव्हती. ऑटो सुरू झाले होते. लाईट आली की विहिरीवर पळायला नको म्हणून प्रत्येक मोटारीला ऑटो लावलेला असतो, थोड्या वेळाने तो आपोआप मोटार चालू करतो. सगळ्यांच्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज खाली बसतं. प्रत्येक शेतकऱ्याला मीच ओरडून सांगतो, ऑटोचा टायमर वाढव, सगळे एकदम उठू नका, मोटारी जळतील. कुणी ऐकत नाही, म्हणून माझं दुकान चालतं. आणि मी लाईट आल्या आल्या कॉम्प्युटरला हात घातला होता.

मग काय वाटलं तेही सांगतो. बरं वाटलं. माझं खोटं खरं झालं होतं. आता त्या बोर्डात खरंच काही बसणार नव्हतं. प्रोसेसरचं खोकं तारेच्या रिळांमागे सरकवलं की कुणाला पत्ता लागला नसता. मी ते सरकवलंही. संध्याकाळी काढून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली. उघडा डबा बघितला, शेजारचं खोकं उचलून उलटंसुलटं केलं. "ह्ये काय हाय?"

"प्रोसेसर. नवा."

"बसत न्हाई म्हनला हुता."

"बसत होता. फोनवर दुकानदार बसतो म्हणाला होता. मी खोटं बोललो. काल बसवायला गेलो आणि ऑटो उठले, बोर्ड गेला."

पिशवी अजून तिच्या हातातच होती. "खोटं का बोलला?"

"तू तिकडं बोलायला लागलीस म्हणून."

तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाला बसत न्हाई म्हनता तवा मी शेजारीच आसते. त्ये जातंय दुसऱ्या दुकानात. मी कुटं जायाचं?"

मी पिशवी उचलून आत नेली.

नगरला आम्ही दोघे गेलो. मी दुकानदाराला म्हणालो, त्याच जातीचा जुना बोर्ड बघा, हा प्रोसेसर त्यावर चालेल, रॅमही तीच राहील. हिशोबानं मी बरोबर होतो आणि हे मी कुणासमोरही मांडायला तयार आहे. चालू काम भागवायचं तर तेवढ्यानं भागत होतं. पण तिने दुकानदाराला विचारलं, या जुन्या बोर्डाला ह्याच्या पुढं काय लागतं? तो म्हणाला, पुढे काही नाही, मावशी. हा शेवटचा.

"मंग नको. फुडं रस्ता आसंल त्यो द्या."

नवा बोर्ड, नवी रॅम, नवा प्रोसेसर. कार्ड आणि डबा तेवढा जुना. प्रोसेसरचं खोकं फोडलेलं नव्हतं म्हणून दुकानदाराने तोंड वाकडं करत परत घेतलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, ह्यांना इचारू नगा, मी सांगते त्ये जोडा. तो हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

रविवारी दुपारी तिने मला शेजारी बसायला सांगितलं. हेडफोन न लावता आवाज स्पीकरवर ठेवला. म्होरक्याने जागा ठेवली होती, पण ताफ्याच्या शेपटाला. त्याने विचारलं, "मावशी, एवढे दिवस काय झालं मशीनला?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "आवो, लाईटीनं बोर्ड ग्येला. आमच्याकडं लाईटीचं लई बेकार हाय."

साताऱ्याचा एक जण म्हणाला, "काका मोटारीवाले ना तुमचे? त्यांना नाही वाचवता आला?"

"त्यांनी लई खटपट केली," ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. पण पहिलं अर्धं तिने गाळलं होतं. ते तिने मुलीलाही सांगितलेलं नाही, तिसगावलाही नाही. मला वाटलं होतं सांगेल, टोमणा तरी मारेल. मी वाट बघत राहिलो. शेवटी इथे मीच लिहिलं.

ताफा निघाला. शहर आलं, सिग्नल आले, चित्र कुठे अडलं नाही. ती मध्येच म्हणाली, "गप का? बोला की कायतरी, आयकतेत समदे."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, डावीकडून बस येतीय.

"दिसतीय मला," ती म्हणाली.