ठेवलेले रोखे

आमच्या लहानशा सहकारी बँकेत सरकारी रोख्यांचं टेबल माझ्याकडे होतं. दर मार्चमध्ये मी यादी करायचे: कोणता रोखा केवढ्याला घेतला, आज केवढ्याला जाईल, विकायचा की ठेवायचा. नफ्यातले विकायचे, म्हणजे ताळेबंद चांगला दिसतो आणि सभासदांना लाभांश देता येतो. तोट्यातले ठेवायचे, विकत नाही तोवर त्यांचा तोटा कोणाला टोचत नाही.

माझे वरिष्ठ जवळच्या डोंगरी गावचे. हे काम त्यांनीच मला शिकवलं. यादी वाचून म्हणायचे, "ताजी मासळी विकायची आणि कालची घरी न्यायची, हे कोळणीला ठीक आहे, मॅडम. बँकेचं कसं चालेल?"

"सर, सभा तोंडावर आलीय. डिव्हिडंड कुठून काढायचा?"

"तेही खरंच," म्हणत ते सही करायचे.

मग व्याजदर चढत गेले. दर चढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव पडतो. त्यातच नवघरच्या दोन-तीन सोसायट्यांनी इमारतीच्या कामासाठी मोठ्या ठेवी मोडल्या. रोकड उभी करायला रोखे विकणं भाग होतं आणि आमच्याकडे उरले होते ते फक्त तोट्यातले. चांगले मी आधीच विकून टाकले होते. वर्षाचा सगळा नफा त्या एका विक्रीत गेला.

संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "दरवर्षी चांगले रोखे विकायचं कोणी ठरवलं?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही माझी आहे."

त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते, माझी बारा वर्षं उरली होती. हा हिशोब त्यांनी केला. मीही केला, आणि गप्प बसले.

आठवड्याच्या आत त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला शाल देऊन सगळा स्टाफ बाहेर केबिन रोडपर्यंत चालत सोडायला जातो. सर भर दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, डबा घेऊन एकटे निघाले. मी मान वर केली नाही.

महिन्याने एका रविवारी डोंगरीला गेले. बोलायचं ते कागदावर मुद्देवार लिहून घेतलं होतं. पहिला मुद्दा: यादी माझी होती, असं पत्र संचालकांना देते. दुसरा: माफी.

सर मागे वाडीत झाडांना पाणी घालत होते. त्यांच्या पत्नीने मला आत बसवून चहा ठेवला.

"चार महिने अगोदर सुटले, बरं झालं बाय. दमले होते," त्या म्हणाल्या. "निरोपाला लय माणसं होती म्हणे? शाल रिक्षात विसरून आले. असा माणूस हाय."

मी म्हटलं, "सगळे होते. रस्त्यापर्यंत सोडायला गेलो."

सर हात पुसत आले आणि दारातच थबकले. आधी पत्नीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या घरात वाईट काही घडलंच नव्हतं. माफी कशाची मागणार? कागद पर्समध्येच राहिला. पत्र मी आजवर लिहिलेलं नाही.

"दर काय म्हणतायत?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"उतरतायत, सर."

"मग ते रोखे आता वर आले असते," ते म्हणाले, आणि कप माझ्याकडे सरकवला. "घ्या, निवतोय."