वरच्या घराचा घोट

सेइजिरो माझा धाकटा भाऊ. त्याला जे काही येतं ते मीच शिकवलंय, गावात कुणालाही विचारा. मी नववीनंतर शाळा सोडून सुतारकी धरली, म्हणून तो पुढं शिकला. तीस वर्षं हिराओका साहेबांच्या टोफूच्या कारखान्यात सोयाबीन शिजवतोय.

आमच्या गावात पाट घराघरातून वाहतो. वरच्या घरानं भांडी धुतली की तेच पाणी खालच्या घरात. म्हणून वसंतात पाटातला गाळ उपसला की वरच्या घरातल्या कर्त्यानं खालच्याच्या दारात डावभर पाणी प्यायचं. मी दोन डाव पितो.

कारखाना सगळ्यांच्या वर. टोफू पिळून उरलेलं पिवळं पाणी पाटात. लगेच खालच्या घरातल्या तात्सुकाकूंनी खरकटं खायला पाटात पाळलेले चार मासे त्यानंच मेले.

तेवढ्यात साहेबांनी कारखान्याचं नाव उजळायला तोक्योहून एक मास्तर आणला. विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, गावाचं भलं. हे आमच्या ओमी प्रांतातल्या जुन्या व्यापाऱ्यांचं बोलणं, माझ्या आजोबांच्या तोंडात असायचं. ते मास्तरानं आम्हालाच तीन दिवस पडद्यावर शिकवलं. मग तेच लिहिलेला फलक कारखान्यावर लागला. मग कारखान्याच्या जाहिरातीची फिल्म काढायचं ठरलं.

कारखान्याचा मुकादम निवृत्त होणार होता. साहेब सेइजिरोला म्हणाले, "ती खुर्ची तुझी. फक्त फिल्ममध्ये सांग, पाणी स्वच्छ आहे."

"आणि ते पिवळं पाणी, साहेब?"

"दोन दिवस टाकीत साठवू. फिल्म झाली की सोडू."

घरी येऊन मला म्हणाला, "दादा, काय करू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? आपण कुणाच्या घरातले? दोन डाव पिणाऱ्या!"

शूटिंग तात्सुकाकूंच्या दारात. साहेब नवा कोट घालून आलेले. सेइजिरोनं कॅमेऱ्यासमोर वाकून पाटातलं डावभर पाणी काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"साहेब, वरचं घर तुमचं. आधी तुम्ही."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नंतर बघू रे."

टाकीचं मीच तात्सुकाकूंच्या कानावर घातलं होतं. त्या दारातून ओरडल्या, "नंतर कधी? टाकी सोडल्यावर? अहो प्या की! माझे मासे रोज प्यायचे!"

मास्तर हळूच कॅमेरावाल्याला म्हणाला, "हे कापा."

साहेब प्यायले नाहीत. सेइजिरोनं डाव पाटात रिकामा केला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि कामावर गेला. मुकादमाची खुर्ची साहेबांच्या मेहुण्याला मिळाली.

पण गावात बोलणं व्हायचं ते झालंच. महिन्याभरात पिवळं पाणी डब्यांत भरून गुरांना पाजायला गोठ्यावर जायला लागलं. गायी खूश, तात्सुकाकूंनी नवे मासे आणले. फिल्मही नव्यानं निघाली. तिच्यात मास्तर सांगतो, ही कल्पना त्याला मंदिरात बसल्या बसल्या सुचली. बक्षीसही मिळालं.

डबे गोठ्यावर कोण पोचवतं? सेइजिरो. रोज सकाळी, कामाच्या आधी, फुकट.

मी म्हटलं, "अरे, निदान नाव तरी सांग तुझं!"

म्हणाला, "दादा, एका बाजूनं डबा धर. जड आहे."

धरला. माझ्याशिवाय त्याला उचलवला नसता.